सहीपुरते अध्यक्ष

आमच्या सोसायटीने मला चेअरमन केले त्याला आता दोन वर्षे होत आली. हा मान आपल्याला कोणत्या गुणांमुळे मिळाला असावा, याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी तीन गुण सापडले. मी सेवानिवृत्त आहे. माझे अक्षर बरे आहे. आणि मी सहसा कुणाला नाही म्हणत नाही. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा असावा, असा माझ्या पत्नीचा कयास आहे.

सोसायटीचा खरा कारभार सेक्रेटरी पाहतो. पस्तिशीचा, हुशार आणि मनाने चांगला मुलगा आहे. पाण्याचा टँकर कधी येणार, लिफ्ट कुणी बिघडवली, कुणाची वर्गणी किती महिने थकली, हे सगळे त्याच्या खिशातल्या फोनमध्ये असते. माझ्याकडे असतो तो रबरी शिक्का आणि त्याची जांभळ्या शाईची डबी. स्वातंत्र्यदिनाला झेंडा मी फडकावतो, गणपतीत आरतीचे ताट आधी माझ्या हाती देतात, आणि समारंभाच्या फोटोत मी बरोबर मध्यभागी असतो. एरवी महिन्यातून तीनचार वेळा दाराची घंटा वाजते, सेक्रेटरी पायांतल्या चपला न काढताच उंबऱ्याशी उभा राहतो आणि म्हणतो, "काका, इथे फक्त सही करा."

या "फक्त" शब्दाची मला लहानपणापासून ओळख आहे. फरक इतकाच, की तेव्हा तो माझ्या वडिलांना उद्देशून उच्चारला जाई.

आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. माझे वडील, म्हणजे नाना, एका खाजगी कंपनीत हेडक्लार्क होते आणि चाळीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष होते. उंच अंगकाठी, काळी टोपी, भारदस्त आवाज. अध्यक्ष म्हणून त्यांना कुठेही उभे करावे आणि शोभून दिसावे, असे त्यांचे रूप होते. मंडळ मात्र चालवीत चिटणीस. वर्गणीची पावतीपुस्तके त्यांच्याजवळ, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला, सभासदांची यादी त्यांच्या हातची. कुणाचे नाव यादीत राहिले आणि कुणाचे गळले, हे यादी वाचून दाखवल्यावरच नानांना कळे. रात्री जेवणे आटोपली, की चिटणीस वही घेऊन येत. नाना चष्मा शोधू लागत, तर ते म्हणत, "चष्मा राहू द्या हो. फक्त सही."

चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचे मोफत वाचनालय होते. एकच खोली, दोन बाके, एक टेबल, चार वर्तमानपत्रे. ते वाचनालय सांभाळीत आमचे मास्तर. ते कुठल्याशा शाळेतून लवकर निवृत्त झाले होते, लग्न केले नव्हते, आणि रात्री त्याच खोलीत बाके जोडून झोपत. झाडलोट, पुस्तकांची डागडुजी, मुलांच्या शिकवण्या सगळे ते करीत, आणि त्याबद्दल मंडळ त्यांना राहू देई. रविवारी दुपारी नाना आणि मास्तर बुद्धिबळ खेळत. तो डाव पाहायला मी उकिडवा बसून असे.

मास्तरांची रशियावर श्रद्धा होती. श्रद्धा हाच शब्द योग्य. कारण आजी ज्या स्वरात पंढरपूरबद्दल बोले, त्याच स्वरात मास्तर मॉस्कोबद्दल बोलत. वकिलातीकडून येणारे गुळगुळीत कागदाचे सचित्र अंक वाचनालयात येत. जुने झाले, की मास्तर ते आम्हां मुलांना पुस्तकांना कव्हरे घालायला देत. माझे भूगोलाचे पुस्तक त्या वर्षी गव्हाच्या शेतात हसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या बाईच्या वेष्टनात होते. मास्तरांनी मला रशियाची पोस्टाची तिकिटेही दिली. त्यांतल्या एका तिकिटावर चष्मा घातलेला, टोकदार दाढीचा एक म्हातारा होता. मी विचारले, "हा कोण?"

"हा कालिनिन," मास्तर म्हणाले, "तिथला राष्ट्राध्यक्ष होता. शेतकऱ्याच्या पोटी जन्मला, कारखान्यात लेथवर काम केलं, आणि सत्तावीस वर्षं देशाचा अध्यक्ष राहिला. लोक त्याला काय म्हणत, ठाऊक आहे? साऱ्या देशाचा पाटील!"

हे मास्तरांनी सांगितले ते खरे होते. मिखाईल कालिनिन १८७५ साली त्वेर प्रांतातल्या एका खेड्यात जन्मला. पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यात तो कामगार होता. मार्च १९१९मध्ये स्वेर्दलोव्ह वारल्यावर त्याला त्या जागी बसवण्यात आले. यादवी युद्धाच्या दिवसांत तो "ऑक्टोबर क्रांती" नावाच्या आगगाडीने खेडोपाडी हिंडला आणि शेतकऱ्यांशी शेतकऱ्यांच्या भाषेत बोलला. मॉस्कोत त्याची अर्ज ऐकण्याची कचेरी होती. कुणाची गाय सरकारजमा झाली, कुणाचा मुलगा पकडून नेला, अशी गाऱ्हाणी घेऊन लांबलांबून माणसे तिथे रांगा लावीत. गावचा पाटील ओसरीवर बसून गाऱ्हाणी ऐकतो, तसा हा पाटील ऐकून घेई. ऐकून घेतल्यावर पुढे काय होई, हे मी मास्तरांना विचारले नाही. दहा वर्षांच्या मुलाला इतके सुचत नाही.

१९६१ सालचा डिसेंबर मला चांगला आठवतो. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आमच्या चाळीत गोव्याची तीन बिऱ्हाडे होती. त्यांनी पेढे वाटले, आणि त्यांतल्या एका आजीबाई पेढे वाटता वाटता रडू लागल्या. त्याच दिवसांत रशियाचे राष्ट्राध्यक्ष ब्रेझनेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते, आणि त्यांनी आपल्या भाषणांतून भारताच्या कारवाईला उघड पाठिंबा दिला. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. दाट भुवयांचा, रुंद खांद्यांचा, गळ्यात हार घातलेला माणूस. मास्तरांनी तो फोटो कापून वाचनालयाच्या भिंतीवर लावला.

रविवारी डाव मांडताना नाना म्हणाले, "मास्तर, तुमचा हा अध्यक्ष मोठा बाका गडी दिसतो."

मास्तर हसले. "गडी बाका आहे, पण अध्यक्ष आहे तो तुमच्यासारखा. तिथे कारभार पक्षाच्या सरचिटणिसाकडे. आज ते काम ख्रुश्चेव्हकडे आहे. अध्यक्षानं वकिलांची अधिकारपत्रं घ्यायची, पदकं वाटायची, परदेशी जाऊन हार घालून घ्यायचे. पटावरचा राजाच म्हणा. राजा एक घर चालतो, वजीर हवा तिथं जातो."

नाना रागावले नाहीत. त्यांनी एक प्यादे पुढे सारले आणि म्हणाले, "पण राजा पडला की डाव संपतो, मास्तर."

पुढे पुष्कळ वर्षांनी मी ही राज्यव्यवस्था पुस्तकांतून समजून घेतली, तेव्हा मास्तरांच्या त्या एका वाक्यात केवढे तथ्य होते ते कळले. सोव्हिएत देशात खरे पाहता एकटा असा राष्ट्राध्यक्षच नव्हता. १९३६ सालच्या घटनेप्रमाणे राष्ट्रप्रमुखपद एका मंडळाकडे होते. सुप्रीम सोव्हिएत म्हणजे तिथली संसद. ती वर्षातून दोनदा, थोडे दिवस भरे. एरवी तिच्या नावाने काम पाही ते तिचे प्रेसिडियम, आणि या प्रेसिडियमचा अध्यक्ष तोच राष्ट्राध्यक्ष म्हणून जगभर ओळखला जाई. वटहुकूम काढणे, तहांना मान्यता देणे, सन्मान देणे, गुन्हेगारांना माफी देणे, हे सगळे अधिकार प्रेसिडियमचे. हा अध्यक्ष साऱ्या जनतेने निवडावा, अशी सूचना त्या वेळी पुढे आली होती. स्टालिनने ती मोडून काढली. जनतेने निवडलेला एकटा अध्यक्ष संसदेपुढे उभा ठाकेल, आमच्याकडे अध्यक्षपद सामुदायिक आहे, असे त्याचे म्हणणे.

स्वतः स्टालिन कधीच राष्ट्राध्यक्ष झाला नाही. १९२२ साली तो पक्षाचा सरचिटणीस झाला, तेव्हा ते पद कुणाला विशेष हेवा वाटावा असे नव्हते. कागद सांभाळायचे, नेमणुका करायच्या, याद्या ठेवायच्या. पण ज्याच्या हाती यादी त्याच्या हाती मंडळ, हे गिरगावातल्या चाळीला जसे ठाऊक होते, तसे ते त्यालाही ठाऊक होते. १९४१च्या मे महिन्यापर्यंत तो पंतप्रधानदेखील नव्हता. देश चालवायला त्याला ती पाटी लागली नाही.

१९६४ साली दिवाळीच्या तोंडावर मोठी बातमी आली. ख्रुश्चेव्हना दूर करण्यात आले, आणि पक्षाची सूत्रे आली ती भिंतीवरच्या त्या दाट भुवयांच्या गृहस्थांकडे. जुलैमध्येच त्यांनी अध्यक्षपद मिकोयानना देऊन टाकले होते. मास्तर दिवसभर गप्प होते. संध्याकाळी मला म्हणाले, "अध्यक्षाची खुर्ची सोडली म्हणून तो मोठा झाला बघ. आपल्याकडे कुणाला पटायचं नाही."

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी सांगायला मला इतकी वळणे घ्यावी लागली.

१९६६ साली पावसाळ्यात मंडळाने ठराव केला, की वाचनालयाची खोली रात्री राहण्यासाठी कुणालाही देऊ नये. मंडळाला उत्सवाचे सामान ठेवायला जागा हवी होती, हे खरे. दोन सभासदांना मास्तरांची मते खटकत होती, हेही खरे. आणि चिटणिसांच्या मेहुण्याला ती खोली दिवसा शिकवणीच्या वर्गासाठी हवी होती, हे सगळ्यांत खरे. ठराव ज्या सभेत झाला, तिला नाना गेले नव्हते. त्यांना ताप होता. चिटणीस वही घेऊन आले. आईने कंदिलाची काच पुसत विचारले, "कसला कागद आहे?" चिटणीस म्हणाले, "नेहमीचंच. फक्त सही." नानांनी अंथरुणावर उठून बसून सही केली. दौत मी धरली होती.

मास्तर आठवड्याभरात गेले. पेणला त्यांची बहीण होती. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, एवढेच सामान. जाताना ते जिन्याशी थांबले. नाना गॅलरीत उभे होते. मास्तर वर पाहून म्हणाले, "येतो अध्यक्षमहाराज." त्या आवाजात कडवटपणा असता तर बरे झाले असते, तो नव्हता. नानांनी हात उचलला, पण तो नमस्कारापर्यंत पोचला नाही. ते नुसते कठड्याला धरून उभे राहिले.

त्यानंतर अकरा वर्षे नाना मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी हार घातले, आरत्या केल्या, बक्षिसे वाटली. पण बुद्धिबळाचा पट माळ्यावर गेला तो पुन्हा खाली आला नाही.

मास्तरांनी लावून दिलेल्या नादामुळे रशियाच्या अध्यक्षांवर मी पुढेही नजर ठेवली. काही लोक क्रिकेटच्या धावा लक्षात ठेवतात तशी. मिकोयानच्या मागून पोदगोर्नी आले. १९७१च्या एप्रिलमध्ये पूर्व बंगालमधला रक्तपात थांबवा, असे पाकिस्तानच्या याह्याखानांना लिहिणारे पत्र त्यांच्या सहीचे होते, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक झाले. पण मोठे कागद आता सरचिटणीसच सही करू लागले होते. १९७२ साली अमेरिकेबरोबर अण्वस्त्रांच्या मर्यादेचा करार झाला, त्यावर ब्रेझनेव्ह यांची सही. १९७५ साली हेलसिंकीला पस्तीस राष्ट्रांच्या परिषदेचा मसुदा सही झाला, त्यावरही त्यांचीच. इतर बहुतेक देशांकडून राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान सही करीत होते. हे पक्षाचे सरचिटणीस म्हणून. पंक्तीला बहुतेक सगळे सोवळे नेसून बसावेत आणि यजमानाने शर्ट-पँट घालून वाढावे, तसा तो प्रकार होता. यजमानालाही पुढे तो बोचू लागला असावा.

१९७७च्या मे महिन्यात पोदगोर्नींना पक्षाच्या वरिष्ठ मंडळातून काढण्यात आले. सरचिटणिसानेच राष्ट्राध्यक्षही असावे हे श्रेयस्कर, असे ठरले. १६ जूनला ब्रेझनेव्ह पुन्हा त्या खुर्चीवर बसले, जी त्यांनी तेरा वर्षांपूर्वी सोडली होती. चिटणीस आणि अध्यक्ष एक झाले. १९८०च्या डिसेंबरात ते पुन्हा दिल्लीला आले. मी तेव्हा एका मित्राकडे दूरदर्शनवर त्यांना पाहिले. १९६१ सालचा तो बाका गडी आता जड पावलांनी, चेहरा न हलवता चालत होता. आता सारी सत्ता आणि सारे हार एकाच गळ्यात होते, आणि तो गळा थकला होता.

पुढची वर्षे विलक्षण होती. नोव्हेंबर १९८२मध्ये ब्रेझनेव्ह गेले, फेब्रुवारी १९८४मध्ये आंद्रोपोव्ह, मार्च १९८५मध्ये चेर्नेन्को. तिघेही दोन्ही पदांवर असतानाच गेले. प्रत्येक वेळी मधल्या काळात राष्ट्रप्रमुखाचे काम पाहायला वसिली कुझ्नेत्सोव्ह नावाचे ऐंशी ओलांडलेले उपाध्यक्ष उभे राहत. तीनदा हंगामी झाले, एकदाही कायम झाले नाहीत. आपल्या कचेऱ्यांत अशी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून मला त्यांच्याविषयी उगाचच आपुलकी वाटते.

गोर्बाचेव्ह आले तेव्हा त्यांनी आधी अध्यक्षपद आपल्याकडे घेतलेच नाही. अठ्ठावीस वर्षे परराष्ट्रमंत्री असलेल्या ग्रोमिकोंना त्या खुर्चीवर बसवले. १९७१ सालच्या भारत-सोव्हिएत मैत्री करारावर दिल्लीत सही केली होती, तेच हे ग्रोमिको. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९८८मध्ये, गोर्बाचेव्हनी ती खुर्ची स्वतः घेतली. आणि मग त्यांनी असे काही केले, जे त्यांच्या आधी कुणी केले नव्हते. त्यांनी सत्ताच सरचिटणिसाच्या टेबलावरून उचलून अध्यक्षाच्या टेबलावर नेण्याचे ठरवले. मार्च १९९०मध्ये पक्षाचे घटनेतले अग्रस्थान रद्द झाले, आणि राष्ट्राध्यक्ष हे नवे पद निर्माण झाले. १५ मार्चला लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने त्यांना १३२९ विरुद्ध ४९५ मतांनी निवडले. सत्तर वर्षे जी खुर्ची शोभेची होती, तिच्यात एकदम जीव आला.

पण यादी सांभाळणारे कपाटच मोडल्यावर नुसत्या खुर्चीला पाय कुठले? जनतेने निवडून दिल्याचे बळ त्यांच्यामागे नव्हते. ते रशिया प्रजासत्ताकाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना जून १९९१मध्ये मिळाले. २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्हनी पद सोडले. राजीनाम्याच्या कागदावर सही करताना त्यांचे पेन नीट चालेना. तिथे हजर असलेल्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीच्या अध्यक्षाने आपले पेन पुढे केले. त्या पेनाने सही झाली, आणि पाठोपाठ देशही संपला. राजा पडला की डाव संपतो, हे नाना म्हणाले होते. पण पट, सोंगट्या आणि घडवंचीदेखील नाहीशी होते, हे त्यांनाही सुचले नसते.

त्याच सुमारास, रशियातली कुलपे उघडू लागली तेव्हा, मी माझ्या तिकिटावरच्या कालिनिनची राहिलेली गोष्ट वाचली. १९३८च्या ऑक्टोबरात त्याच्या बायकोला, येकातेरिनाला, अटक झाली. पंधरा वर्षांची शिक्षा होऊन ती छावणीत गेली. नवरा देशाचा राष्ट्राध्यक्ष. गुन्हेगारांना माफी देण्याचा अधिकार असलेल्या मंडळाचा प्रमुख. आणि ती जवळजवळ सात वर्षे छावणीत राहिली. १९४५ साली तिला सोडले. १९४६च्या जूनमध्ये तो वारला. त्या सात वर्षांत तो पदके वाटीत होता, वटहुकमांवर सह्या करीत होता. त्याच्या कचेरीबाहेरच्या रांगेत नवरे-मुले पकडून नेलेल्या बायका उभ्या असतील. त्यांना तो काय सांगत असेल? "माझ्याही घरी तेच आहे बाई," हे एकच खरे उत्तर होते, आणि ते एकच देता येण्यासारखे नव्हते.

हे वाचून मला त्याची कीव आली. पण १९९२ साली आणखी एक कागद जगापुढे आला, आणि ती कीवही मला जड झाली. ५ मार्च १९४०चा तो कागद आहे. पोलंडचे पकडलेले अधिकारी आणि इतर कैदी, यांना गोळ्या घालण्याचा प्रस्ताव. जवळजवळ बावीस हजार माणसे त्याप्रमाणे मारली गेली. कातीनचे जंगल म्हणून जग ते ओळखते. त्या कागदावर स्टालिन आणि मोलोतोव्ह यांच्या सह्या आहेत. त्यांच्यासोबत वोरोशिलोव्हची आहे आणि मिकोयानची आहे. हे दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. कालिनिनची सही नाही. तो तिथे नव्हता. कुणीतरी समासात त्याच्या नावापुढे लिहून ठेवले आहे: अनुकूल.

मी तो समास पुष्कळ वेळ पाहत राहिलो. सही करणे हा अपराध असेल. पण आपली सहीसुद्धा न मागता आपले मत दुसऱ्याने लिहावे, इतका विश्वास आपण लोकांना देऊन ठेवणे, याला काय म्हणावे? हा माणूस नाही म्हणायचा नाही, याची खात्री एका दिवसात होत नाही. ती वर्षानुवर्षे, एकेका छोट्या कागदावर, करून द्यावी लागते.

चाळीतला ठराव आणि कातीनचा कागद यांची तुलना होत नाही, हे मला कळते. मास्तर पेणला बहिणीच्या घरी आणखी नऊ वर्षे जगले, आंब्याची दोन झाडे लावून गेले. पण मन तुलना करायला परवानगी विचारीत नाही.

नाना शेवटच्या आजारात होते, तेव्हा एका रात्री आई त्यांच्या पायांना तेल चोळीत होती. मी खिडकीशी बसलो होतो. नाना एकदम म्हणाले, "तो कागद मी वाचला नव्हता गं."

कोणता कागद, हे आईने विचारले नाही. तिला पंचवीस वर्षांनंतरही ठाऊक होते. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि शांतपणे विचारले, "वाचला असतात तर?"

नानांनी उत्तर दिले नाही. ते छताकडे पाहत राहिले. आई पुन्हा तेल चोळू लागली. आमच्या घरात त्या विषयावर झालेले हे एवढेच बोलणे.

यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. सेक्रेटरीच्या हातात कागद होता. "काका, फक्त सही." मी चष्मा शोधायला आत गेलो. त्याला वेळ लागला. चष्मा डोक्यावरच होता.

ठराव असा: इमारतीला आता कॅमेरे बसवले आहेत. तेव्हा अठरा वर्षे असलेल्या रखवालदाराला दिवाळीपूर्वी रजा द्यावी, आणि पंपाशेजारची जी खोली त्याला राहायला दिली आहे, ती रिकामी करून घ्यावी. खाली सहा सह्या होत्या. कारणे सगळी बरोबर होती. महिन्याचा खर्च वाचत होता. रखवालदाराला रात्री डुलकी लागते, हेही खोटे नव्हते. त्याची बायको त्याच खोलीत मुरमुऱ्याचे लाडू करून आमच्या मुलांना देते, हे ठरावात लिहिण्यासारखे कारण नव्हते.

मी कागद दोनदा वाचला. सेक्रेटरी घड्याळाकडे पाहू लागला. मी त्याला म्हटले, "बस जरा. चपला काढ."

तो बसला. पत्नीने चहा दिला. मी त्याला विचारले, की या माणसाला सभेला बोलावले होते का? नव्हते. त्याला काही रक्कम द्यायची ठरली आहे का? नव्हती. तो जाणार कुठे, हे कुणी विचारले का? सेक्रेटरी म्हणाला, "काका, ठराव बहुमताने झालाय. तुम्ही सही नाही केलीत तरी होणारच आहे."

"होऊ दे," मी म्हणालो, "पण मग माझ्याशिवाय होऊ दे."

मी पेन उघडले आणि समासात, माझ्या बऱ्या अक्षरात, माझ्या हाताने लिहिले: "मी प्रतिकूल आहे. रखवालदाराला बोलावून पुन्हा सभा घ्यावी." खाली सही केली, तारीख घातली, आणि वर शिक्काही मारला. दोन वर्षांत तो शिक्का मी पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने मारला. हात थोडा कापला. शिक्का किंचित तिरका उमटला.

सेक्रेटरीने कागद वळवून पाहिला. "समासात असं लिहायची पद्धत नाही, काका."

"आहे," मी म्हणालो, "फार जुनी आहे."

तो काही बोलला नाही. चहा संपवून, कागद घेऊन गेला. जाताना दारात वाकून त्याने चपला घातल्या, तेव्हा तो मला एकदम फार तरुण वाटला. आपणही कुणाच्या तरी बापाला फक्त सही मागत हिंडतो आहोत, हे त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.

सभा घटस्थापनेनंतर आहे. रखवालदाराला बोलावले आहे. मतमोजणीत मी बहुधा एकटा पडेन, आणि त्यानंतर सोसायटी नवा चेअरमन शोधील. नाही म्हणणारा अध्यक्ष कुणालाही परवडत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल, तोपर्यंत निकाल लागलेला असेल. पंपाशेजारच्या खोलीपुढे आकाशकंदील लागला असेल किंवा नसेल.

माळ्यावरून मी नानांचा बुद्धिबळाचा पट काढून पुसून ठेवला आहे. दोन प्यादी हरवली आहेत; त्यांच्या जागी बटणे चालतील. रखवालदाराला खेळता येते, असे परवा कळले. दिवाळीत एक डाव मांडावा म्हणतो. त्याच्या खोलीत, नाहीतर माझ्या.